दुसरा ठोका

आमच्या मैदानावर एक जुनी पद्धत आहे. हंगामातल्या शेवटच्या सामन्याचा जो निकाल फलकावर लागतो, तो पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत उतरवायचा नाही. तीन महिने मैदान रिकामं असतं, गवत वाढतं, माळी पाइप ओढत फिरतो आणि फलकावर शेवटचे दोन आकडे तसेच असतात. मग लीग जिंकलेला संघ आणि कप जिंकलेला संघ यांच्यात नव्या हंगामाचा पहिला सामना होतो. त्या दुपारी जुने आकडे उतरतात आणि दोन शून्यं लागतात.

या वर्षी तीन महिने फलकावर जो निकाल होता तो चुकीचा होता. दोन–एक. खरा निकाल एक–एक होता.

ती चूक माझी होती. हे लिहायला फारसं जड गेलं नाही. बोलायला तीन महिने लागले.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. त्यामुळे स्वतःचं कुठलंही वाक्य मला कधी पुरतं बरोबर वाटत नाही. हेही वाटत नाहीये. लग्न केलं नाही. थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहायचे, मी वरच्या एका खोलीत. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवत होतो. या व्यवस्थेबद्दल आम्ही कधी काही ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी वहिनींनी तिसरं ताट मांडलं, तेवढंच.

दादा सुतार होता. मैदानाचा फलक त्यानंच बांधला होता आणि सामन्याच्या दिवशी चालवायचाही तोच. मला जोडीला त्यानंच ओढलं. "वाळवीसारखा पुस्तकं खात बसतोस, पुस्तकराव," तो म्हणाला होता. "आठवड्यातून एक दिवस हवा तरी खा."

फलकाच्या मागे एक लाकडी खोली आहे, लोखंडी खांबांवर, दोन मजले उंच. आम्ही तिला पेटी म्हणायचो. मागून शिडीनं वर चढायचं. आत उजव्या हाताला एक लांबट फट, तिच्यातून मैदान दिसतं. तिथे तिपाई टाकून दादा बसायचा. डाव्या हाताला दोन झरोके, एक घरच्या संघाचा, एक पाहुण्यांचा. त्यांच्या खाचांत आकड्याची पाटी आतून सरकवायची, ते काम माझं. मला तिथून खेळ दिसायचा नाही. आणि गोल झाला की असा गदारोळ उठायचा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून दादानं ठोक्यांची रीत बसवली होती. चेंडू जाळ्यात गेला की तो बोटांच्या पेरांनी फळीवर एक ठोका मारायचा. पहिला ठोका म्हणजे पाटी हातात घे आणि थांब. रेफरीनं गोल मान्य करून चेंडू मधल्या वर्तुळात आणला की दुसरा ठोका. दुसरा ठोका म्हणजे लाव.

एकतीस वर्षं ठोके मारून त्या फळीचा रंग एका जागी उडाला होता. नाण्याएवढं लाकूड उघडं पडलं होतं, गुळगुळीत.

एकतीस वर्षांत फलक एकदाही चुकला नव्हता. दादाला त्याचा अभिमान होता आणि तो लपवत नव्हता. "वर्तमानपत्रं चुकतात, रेफरी चुकतात," तो म्हणायचा, "आमचा हा पुस्तकराव जेवताना मीठ समजून साखर घेतो. पण फलक नाही."

मागच्या हंगामाचा शेवटचा सामना. आपल्या संघाला लीग जिंकायला फक्त बरोबरी पुरेशी होती आणि एक–एक झालं होतं. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. मी पुस्तक वाचत होतो. झरोक्यातल्या उजेडात मी नेहमीच वाचायचो, दादाला ते माहीत होतं. एकाएकी गदारोळ उठला, पेटीच्या फळ्या थरथरल्या आणि दादाचा ठोका वाजला. एक. मी पुस्तक टाकलं आणि दोनची पाटी उचलली.

मी थांबलो नाही. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गदारोळ फार मोठा होता. पहिल्यामागून दुसरा येतोच, हे एकतीस वर्षांत अंगात मुरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला पुस्तकाकडे परतायचं होतं. मी पाटी ढकलली, घाईत ती तिरकी गेली आणि खाचेत अडकली. वळून पाहिलं तर दादा तिपाईवरून उठला होता. त्याचा हात वर होता, बोटं मिटलेली, आणि तो मान हलवत होता. लाइनमनचं निशाण वर गेलं होतं. ऑफसाइड. गोल नव्हता.

"काढ, काढ," तो ओरडला असावा. मी ओढली, पाटी हलेना. त्यानं ओढली, हलेना. मग तो बाजूच्या दारातून फलकापुढच्या अरुंद फळीवर गेला, समोरून ठोकून सोडवायला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मी त्याला जाऊ दिलं.

तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. लीग जिंकली होती. सगळं मैदान एकदम आत धावलं, टोप्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या आवाजात दादा पडला. पडल्याचा आवाज मला आला नाही. झरोक्याच्या कडेला त्याची चार बोटं होती, आणि मग नव्हती.

दवाखान्याच्या बाकावर सेक्रेटरी माझ्याशेजारी येऊन बसला. क्लबचा सेक्रेटरी माणूस भला आहे, पण गप्प बसवत नाही त्याला. "काका, दादांनी दोन्ही ठोके दिले होते ना?" त्यानं विचारलं. त्याला कुणावर ठपका ठेवायचा नव्हता, नुसतं बोलायचं म्हणून बोलत होता. मी मान हलवली. हो अशी. "डोळ्याचं होतं ना त्यांना? निशाण दिसलं नसेल बिचाऱ्यांना." मी पुन्हा मान हलवली.

वहिनी समोरच उभ्या होत्या.

दादाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण तो म्हणाला होता, हंगाम संपू दे. वहिनी म्हणाल्या होत्या, बरं. माझ्या दोन वेळा हललेल्या मानेनं त्या "बरं"चं काय करून टाकलं, ते मला पुढच्या तीन महिन्यांत रोज जेवताना पाहावं लागलं.

"मी ऐकायलाच नको होतं," त्या म्हणायच्या, ताट पुढे सरकवत. "हाताला धरून न्यायला हवं होतं. कसला हंगाम नि कसलं काय." आणि थोड्या वेळानं, दादाच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहून, "आणि तुम्ही! एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघायचं तरी होतं."

मी जेवायचो. घास गिळला जायचा, हेच मला नवल वाटायचं.

खालच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फलक दिसतो. त्यावर दोन–एक. तिरकी अडकलेली पाटी कुणी सोडवली नव्हती. एक तर पद्धत अशी, आणि दुसरं म्हणजे त्या फळीवर जायला कुणी तयार नव्हतं. वारा आला की ती पाटी खाचेत हलायची आणि वाजायची. ठक.

एकदाच. वारा कितीही असला तरी एकदाच. मग पुष्कळ वेळ काही नाही. मी घास हातात धरून दुसऱ्याची वाट बघायचो, आणि तो यायचा नाही.

"थंड होतंय, भाऊजी," वहिनी म्हणायच्या.

मला पुष्कळदा वाटलं, सांगून टाकावं. वाक्यं तयार करायचो, खोडायचो, पुन्हा करायचो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच गोष्ट दिसायची: तिसरं ताट उचललेलं. मला दुसरं कुणी नाही. हे कारण म्हणून सांगत नाही; तसं होतं, एवढंच.

पहिल्या सामन्याला दहा दिवस उरले तेव्हा सेक्रेटरी घरी आला. लीग आपण जिंकल्यामुळे सामना आपल्याच मैदानावर होता, आणि कप जिंकलेला संघ पाहुणा.

"फलकाचं काय करायचं, काका? तुम्हाला जोडीला माणूस देऊ का?"

"माणूस कशाला?" वहिनी आतून म्हणाल्या. "मी आहे की."

"काकू, शिडी आहे तिथं उभी."

"शिडी चढण्यासाठीच असते ना? की बघण्यासाठी ठेवलीय?" त्या बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. "वीस वर्षं पाट्या मी रंगवतेय. माझ्या पाट्या कुठे लागतात ते एकदा बघू तरी दे."

सेक्रेटरीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

पाट्या खरंच त्याच रंगवायच्या. दर वर्षी पहिल्या सामन्याआधी फलकावरच्या दोन सोडून सगळ्या घरी यायच्या, काळ्या पत्र्यावर पांढरे आकडे. या वर्षी पद्धत मोडून, मैदानाच्या नव्या सुताराला सांगून त्यांनी ती अडकलेली पाटीही सोडवून आणवली. त्यानं आतूनच खाच तासून ती काढली. म्हणजे मधले आठ दिवस घरच्या संघाच्या झरोक्यात काहीच नव्हतं, नुसतं काळं भोक. पाटी आमच्या घरात भिंतीला टेकून उभी होती.

आणि ठोका चालूच होता.

पहिल्या दिवशी मी खिडकी उघडून पाहिलं. वारा होता. भोक रिकामं होतं. ठक. दुसरं काहीतरी सैल झालं असेल, एखादी फळी, एखादा पत्रा. मी चष्मा पुसला, जसं काही चष्म्यानं आवाज नीट ऐकू येतो.

"वहिनी, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"काय?"

"काही नाही."

त्या जमिनीवर बसून दोनचा आकडा रंगवत होत्या. कुंचला हळूहळू वळणावरून नेत म्हणाल्या, "या पाटीला मी फार शिव्या दिल्यात, भाऊजी. पण पाटीचा काय दोष? डोळ्याचा दोष. आणि डोळ्याचा तरी काय? माझा." आकडा पूर्ण झाला. त्यांनी मान तिरकी करून पाहिला. "बरा आलाय ना?"

मी तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "पोट जरा जाड झालंय," मी म्हणालो. आकड्याचं म्हणत होतो.

सामन्याच्या दुपारी आम्ही दोन तास आधी गेलो. वहिनी शिडी माझ्यापेक्षा भरभर चढल्या. वर जाऊन दारात क्षणभर थांबल्या, मग आत शिरल्या आणि पदर खोचून झाडू लागल्या. तीन महिन्यांची धूळ होती. तिपाईखालून त्यांनी एक पुस्तक काढलं, झटकलं.

"हे तुमचं ना?"

वाचनालयाचं पुस्तक. त्या दिवशी टाकलेलं, तसंच उलटं पडलेलं, पानं दुमडलेली.

"हो."

"इथं वाचायचात तुम्ही?"

"कधी कधी."

त्यांनी ते झरोक्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि पुढे झाडत राहिल्या. मग त्या उघड्या पडलेल्या लाकडापाशी आल्या. तिथे झाडू थांबला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, अंगठ्याशेजारचं. मला तिथून बाहेर जावंसं वाटलं, पण बाहेर जायला शिडी होती किंवा दादा पडला ती फळी.

ठोक्यांची रीत त्यांना ऐकून माहीत होती. तरी मी पुन्हा सांगितली. फटीपाशी मी बसणार, दादाच्या जागी. पाट्या त्या लावणार.

"पहिल्याला हातात घ्यायची. दुसऱ्याशिवाय लावायची नाही."

"काहीही झालं तरी?"

"काहीही झालं तरी."

पाहुण्यांच्या झरोक्यातला जुना एक त्यांनी उतरवला आणि दोन शून्यं सरकवली. बाहेरून टाळ्या वाजल्या, थोड्याच. लोक अजून येत होते.

फलकाखालच्या बाकांवर आमचा शिट्टीवाला बसतो. निवृत्त कंडक्टर आहे, गळ्यात अजून जुनी शिट्टी. दर सामन्याआधी ती वाजवून तो ओरडायचा, "ओ पाटीवाले, जागे आहात का?" आणि दादा वरून ओरडायचा, "तुझी शिट्टी झोपू देते का रे?" लोक हसायचे. वीस वर्षं तोच विनोद.

त्या दिवशीही सवयीनं शिट्टी वाजली. "ओ पाटीवाले, जागे आ—" आणि आवाज तुटला. खालचे बाक एकदम गप्प झाले.

वहिनी झरोक्याशी वाकल्या. "तुझी शिट्टी झोपू देते का रे?" त्या ओरडल्या. आवाज चिरकला, पण पोचला.

मग शिट्टीवाला म्हणाला, "नाही वहिनी, नाही देत," आणि लोक हसले, आणि मी फटीला डोळा लावून मैदानाकडे पाहत राहिलो, कारण दुसरीकडे पाहणं शक्य नव्हतं.

सामना सुरू झाला. आपले लाल, पाहुणे निळे. हंगामाच्या पहिल्या सामन्यात खेळाडू नेहमी थोडे जड असतात, सुट्टी अंगावर असते. मला एकतीस वर्षांत प्रथमच खेळ दिसत होता. दादा काय बघत होता ते मी पहिल्यांदा बघत होतो. आवाज एवढा असतो आणि तो करणारी माणसं इतकी लहान दिसतात, हे मला माहीत नव्हतं. तिपाई माझ्या वजनाखाली कुरकुरत नव्हती. दादाच्या वजनाखाली कुरकुरायची. मधूनच ती कुरकुरली, तेव्हा मी हललो नव्हतो.

चाळिसाव्या मिनिटाला आपला गोल झाला. मी ठोका मारला. माझी पेरं मऊ आहेत, आवाज बद्द आला. रेफरीनं हात मध्याकडे केला, चेंडू वर्तुळात आला, दुसरा ठोका. वहिनींनी एकची पाटी सरकवली. सरळ गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

सत्तराव्या मिनिटाला पाहुण्यांनी फेडला. एक–एक.

मला तेव्हाच कळलं की काय होणार. ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. मी फटीच्या खालच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं, जड, नाकातून, सुतार काम करताना घेतो तसा. वहिनी माझ्या डावीकडे होत्या. श्वास उजवीकडून येत होता, जिथे फळीशिवाय काही नाही.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला आपल्या नऊ नंबरनं चेंडू घेतला, वळला, मारला. जाळं फुगलं. मैदान उठलं. पेटीच्या फळ्या थरथरल्या, अगदी तशाच.

माझे हात कडेवरून सुटेनात. पहिला ठोका माझ्या हातून मारला गेला नाही. मी नुसता बघत राहिलो.

आणि ठोका वाजला. माझ्या कानाशी, त्या उघड्या लाकडावर. टणक पेरांचा, कोरडा, एक.

मी मान वळवली नाही. मला मान वळवायची नव्हती. समोर मैदानाच्या कडेला लाइनमन उभा होता. त्याचं निशाण आधी अर्धं दिसलं, मग पूर्ण वर गेलं. ऑफसाइड. मैदानाचा आवाज फुग्यातली हवा गेल्यासारखा खाली बसला.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या दोनची पाटी छातीशी धरून झरोक्यापाशी उभ्या होत्या, पाय रोवून, दुसऱ्या ठोक्याची वाट बघत.

"नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही अशी.

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि हात पुसले. "बाई गं, कसला आवाज तो! मला वाटलं लावूनच टाकावी. पण तुम्ही म्हणाला होता ना, काहीही झालं तरी. पहिला ठोका ऐकला, पाटी घेतली, थांबले." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमची नजर चांगली आहे अजून. त्या दिवशी त्यांना असं दिसलं असतं तर..."

शेवटची शिट्टी झाली. बरोबरी. आता पेनल्ट्या होणार होत्या, आणि पेनल्ट्या आमच्या फलकावर लागत नाहीत; फलकावर खेळ लागतो, नशीब नाही, असं दादाचं म्हणणं होतं. म्हणजे आम्हाला काही काम नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो. "मी ठोका मारला नाही."

"म्हणजे?"

"माझे हात इथं होते. मला हलवता येईनात. ठोका वाजला, मीही ऐकला. मी मारला नाही."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्या उघड्या लाकडाकडे. बाहेर रेफरी पेनल्टीची जागा दाखवत होता. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या घाबरल्या नाहीत. चेहरा मऊ पडला, जवळजवळ तरुण. आणि तो चेहरा मला मोडायचा होता.

"त्या दिवशीही असाच एक वाजला होता," मी म्हणालो. "एकच. दादानं दुसरा दिलाच नाही. त्याला निशाण दिसलं होतं, वहिनी. त्याची नजर बरोबर होती. मी थांबलो नाही. पाटी मी लावली, तिरकी लावली, आणि ती काढायला तो बाहेर गेला."

खाली गदारोळ झाला. पहिली पेनल्टी गेली असावी.

"दवाखान्यात तुम्ही हो म्हणालात," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोन ठोके म्हणालात."

"मान हलवली."

"मान हलवली." त्यांनी ते शब्द तसेच परत उच्चारले. फळीवरच्या पुस्तकाकडे बघितलं. "हे वाचत होतात?"

"हो."

"चांगलं होतं?"

"बरं होतं," मी म्हणालो, आणि माझी मलाच शिसारी आली.

पुन्हा गदारोळ, मग हळहळ. कुणीतरी चुकवली. वहिनी तिपाईपाशी आल्या. मी उठून बाजूला झालो. त्या बसल्या. तिपाई कुरकुरली नाही.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "मी त्या माणसाशी रोज भांडतेय. उठल्यापासून. आंधळा म्हटलं त्यांना मी. फोटोसमोर उभी राहून आंधळा म्हटलं. तुम्ही शेजारी बसून जेवत होता."

"हो."

"नुसतं हो हो करू नका!"

त्या फटीतून बाहेर बघत होत्या, पण त्यांना पेनल्ट्या दिसत होत्या असं वाटत नाही. मग म्हणाल्या, "आता मला त्यांची माफी मागायचीय. आणि तुमच्यावर रागवायचंय. दोन्ही एकदम कसं करू सांगा. तुम्ही एवढं वाचलंय."

त्या उठल्या. बोटांची मूठ केली, त्या उघड्या लाकडावर टेकवली, पण मारली नाही. मग खाली वाकून दोनची पाटी उचलली आणि काखेत घेतली. "ही मी घरी नेते," त्या म्हणाल्या. "पुन्हा रंगवावी लागेल. पोट जाड झालंय." दाराशी जाऊन पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. "आज जेवायला येऊ नका, भाऊजी."

"बरं."

शिडीवर त्यांची पावलं वाजली, सावकाश, एकेक. खाली शिट्टीवाल्यानं काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही.

सामना कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. लोक गेले. माळ्यानं कोपऱ्यातले झेंडे काढले. फलकावर एक–एक होतं, आणि पुढच्या सामन्यापर्यंत तेच राहणार होतं. वहिनींच्या खिडकीतून ते दिसणार होतं. त्या बघतील की पडदा ओढतील, ते मला माहीत नव्हतं.

मी उठलो. त्यांच्यामागे घरी जावं, निदान पाटी तरी भिंतीला टेकवून द्यावी, जड असते ती, असं वाटलं. पुस्तक घेतलं, शिडीकडे पाऊल टाकलं.

ठक.

वारा नव्हता. मी पुस्तक छातीशी धरून उभा राहिलो, पाटी धरतात तसं, आणि थांबलो.